सरकारी प्रयोगशाळेत शिकाऊ विद्यार्थी रक्त घेतो तेव्हा

उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयात रक्त द्यायला गेलात की टेबलामागे बऱ्याचदा विशीतला मुलगा किंवा मुलगी दिसते. अंगात पांढरा ॲप्रन, गळ्यात कॉलेजचं ओळखपत्र. हे डीएमएलटी किंवा बीएस्सी एमएलटीचे विद्यार्थी. प्रात्यक्षिक प्रशिक्षणासाठी आलेले. "डॉक्टर, तिथे पोरं आमच्यावर हात साफ करतात," अशी तक्रार माझ्याकडे नेहमी येते. ती अगदीच खोटी नाही. पण आज जो टेक्निशियन एका फटक्यात शीर शोधतो, तोही असाच कोणाच्या तरी हातावर शिकला आहे.

विद्यार्थी नेमकं काय करतात?

रक्त घेणं, नोंद करणं, सीरम वेगळं करणं, मलेरियासाठी काचपट्टी रंगवणं, लघवीची साधी तपासणी. हे सगळं प्रशिक्षित टेक्निशियनच्या देखरेखीखाली व्हायला हवं. रिपोर्ट तपासून सही करण्याची जबाबदारी विद्यार्थ्याची नसते.

काही विद्यार्थी जिल्हा सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळेत जातात. तिथलं काम वेगळं. विहिरीचं आणि नळाचं पाणी, ग्रामपंचायतीची टीसीएल पावडर, मिठातलं आयोडीन (घरापर्यंत पोहोचलेल्या मिठात ते किमान 15 पीपीएम हवं) अशा तपासण्या तिथे होतात. गावात जुलाबाची साथ आली की पाण्याचे नमुने तिथेच जातात.

तुम्ही काय पाहावं?

सुई तुमच्यासमोर नव्या पाकिटातून काढली का, हातमोजे घातले का, हे पाहा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे नळीवरचं नाव. माझ्या अनुभवात नवख्या हातांची खरी चूक सुई टोचण्यात कमी आणि नळ्यांची अदलाबदल होण्यात जास्त असते. एकाच आडनावाचे दोन रुग्ण लागोपाठ आले की संपलंच. तुमचं पूर्ण नाव विचारून, तुम्ही उठायच्या आत नळीवर लिहिलं जायला हवं. नाही लिहिलं तर "बाळा, नाव लिहिलंस का?" एवढं विचारा. कोणाला राग येत नाही.

दंडाला पट्टा मिनिटापेक्षा जास्त वेळ आवळून ठेवला किंवा मूठ सारखी उघडझाप करायला लावली, तर पोटॅशियम खोटंच जास्त दिसू शकतं. दोनदा टोचूनही रक्त आलं नाही, तर "आता मॅडमना बोलवा" असं शांतपणे सांगा. लहान मूल, डायलिसिसचा रुग्ण किंवा शिरा सापडत नाहीत अशी वयस्कर व्यक्ती असेल, तर सुरुवातीलाच अनुभवी व्यक्तीने रक्त घ्यावं असं म्हणायला हरकत नाही. तो तुमचा हक्क आहे.

आणि विद्यार्थ्यालाच सुई टोचली तर?

याबद्दल रुग्णांशी फारसं कोणी बोलत नाही. माझ्या इंटर्नशिपमध्ये मला वापरलेली सुई टोचली होती. झाकण परत लावायला गेलो, जे कधीच करू नये. वरिष्ठांनी धावत हात नळाखाली धरायला लावला. पण खरी अडचण पुढे आली. रुग्णाच्या मुलाला एचआयव्ही तपासणीसाठी विचारलं तेव्हा तो भडकला : "आमच्या वडिलांवर संशय घेता?"

हा संशय नसतो. ज्याच्या रक्ताची सुई टोचली त्याची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी तपासणी झाली, तर त्या मुलाला काय उपचार द्यायचे ते ठरतं. एचआयव्ही असलेल्या व्यक्तीच्या सुईमुळे संसर्ग होण्याची शक्यता हजारात सुमारे 3 असते. तरीही प्रतिबंधक गोळ्या शक्यतो 2 तासांत, उशिरात उशिरा 72 तासांच्या आत सुरू कराव्या लागतात आणि 28 दिवस घ्याव्या लागतात. त्या रिपोर्टची वाट न पाहता सुरू होतात. तुमचा रिपोर्ट निगेटिव्ह आला तर बहुतेक वेळा थांबवता येतात. तुमच्या होकाराने एका विद्यार्थ्याचा महिनाभराचा घोर वाचू शकतो. अर्थात, 2017 च्या एचआयव्ही कायद्यानुसार तुमच्या संमतीशिवाय ही तपासणी करता येत नाही आणि निकाल गुप्त ठेवावाच लागतो.

तुमचंच मूल प्रशिक्षणाला जाणार असेल तर

हिपॅटायटिस बीची लस आधी पूर्ण करा. 0, 1 आणि 6 महिने असे तीन डोस, म्हणजे प्रवेश घेतल्याबरोबर सुरुवात हवी. लहानपणी लस घेतली असेल तर कार्ड शोधा. लस न घेतलेल्याला बाधित सुई टोचली, तर हिपॅटायटिस बीचा धोका एचआयव्हीपेक्षा कितीतरी जास्त, 30 टक्क्यांपर्यंत असू शकतो. शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटिबॉडी तपासून घ्या; पातळी 10 किंवा त्याहून जास्त असायला हवी. हिपॅटायटिस सी वर लस नाही.

सुई टोचलीच तर जखम साबण-पाण्याने धुवायची. पिळायची नाही, बोट तोंडात घालायचं नाही, स्पिरिट चोळायचं नाही. आणि लगेच वरिष्ठांना सांगायचं. "ओरडतील" या भीतीने मुलं दोन-दोन दिवस गप्प बसतात आणि 72 तास निघून जातात. पहिल्या दिवशी डबा भरून देताना हे त्याला सांगून ठेवा.