गिऱ्हा

"तिन्हीसांजा झाल्या, आता पऱ्याकडे जाऊ नको. गिऱ्हा धरील."

रत्नागिरीकडच्या खाडीकाठी वाढलेल्या पोरांना हे वाक्य पाठ असतं. पऱ्या म्हणजे ओढा. आम्ही आजीला विचारायचो, तो दिसतो कसा? शिंगं असतात? शेपूट? आजी भाकरी थापता थापता एवढंच म्हणायची, "दिसत नाही रे, धरतो." तिच्याकडे त्याचं रूप नव्हतं, क्रियापद तेवढं होतं. पुढे शब्दांचा नाद लागल्यावर कळलं की ते क्रियापद त्याच्या नावातच आहे.

बुडून मेलेल्याचं भूत म्हणजे गिऱ्हा, अशी कोकणातली समजूत. रात्री नदी किंवा खाडी उतरून जाणाऱ्याला तो भुलवतो. पाणी घोट्याएवढंच वाटतं, माणूस पुढे पुढे जातो आणि एकाएकी तळ सुटतो. ओहोटीला ज्यानं खाडी पायी ओलांडली आहे त्याला यातलं एक अक्षरही खोटं वाटणार नाही. खारफुटीपाशी चिखलात पाय रुततो, उपसावा तर चिखल सोडत नाही, आणि तेवढ्यात भरती लागलेली असते. पाय धरणारा तो चिखल मी अनुभवला आहे.

संस्कृतात ग्रह् म्हणजे धरणे, पकडणे. माणसाला झपाटतो तो ग्रह. सुश्रुतसंहितेत लहान मुलांना पछाडणारे नऊ बालग्रह सांगितले आहेत. आकाशातल्या मंगळ-शनींनाही ग्रह म्हटलं, तेही याच धाकानं. कोकणी जिभेला सुरुवातीचा 'ग्र' जड जातो. ती मध्ये इकार घालते, र आणि ह जवळ आणते, आणि गिऱ्हा तयार होतो. हीच वाट ग्राहकानंही धरली, त्याचं गिऱ्हाईक झालं. म्हणजे रत्नागिरीच्या बाजारात आंब्याची पेटी उघडून वास घेणारं गिऱ्हाईक आणि डोहातला गिऱ्हा एकाच धातूचे. मला त्याहून मोलाचा वाटतो तो 'गिऱ्हाईक करणे' हा वाक्प्रचार. चारचौघांत एखाद्याला थट्टेसाठी धरतात तेव्हा आपण म्हणतो, त्याचं गिऱ्हाईक केलं. घेणारा तिथे स्वतःच सापडलेला असतो.

याच धातूचा आणखी एक पाण्यातला वारस आहे, ग्राह. भागवताच्या आठव्या स्कंधात त्रिकूट पर्वतावरच्या सरोवरात गजेंद्राचा पाय पकडतो तो. देवल ऋषींच्या शापानं मगर झालेला हूहू नावाचा गंधर्व. मगरीला मकर, नक्र अशी नावं असताना ग्राह हेही नाव पडलं, कारण तिचा जबडा एकदा मिटला की सुटत नाही. तरीही गिऱ्हा ग्राहापेक्षा ग्रहाच्या जवळचा, असं माझं मत. मगरीला अंग आहे, गिऱ्ह्याला नाही.

स्कॉटलंडमधल्या नेस सरोवरातल्या प्राण्याचा गवगवा 1933 साली वर्तमानपत्रांतून झाला. पुढच्याच वर्षी लांब मानेचं छायाचित्र छापून आलं. ते खेळण्यातल्या पाणबुडीवर बनावट मान बसवून काढलेलं होतं, हे 1994 साली उघड झालं. नाव सरोवराचं दिलं, मग अंग शोधणं आलं, मान आली, कॅमेरे आले. आमच्या गिऱ्ह्याचं चित्र काढावं असं कोणाला सुचलं नाही, कारण त्याच्या नावात रूपाला जागाच ठेवलेली नाही.

चिपळूणजवळ वाशिष्ठीत खऱ्या मगरी आहेत. 2024च्या जूनअखेरीस भर पावसात एक शहराच्या रस्त्यावरून चालत गेली. होडीतून पाहायला गेलं तर काठच्या चिखलावर त्या उन्हाला पडलेल्या दिसतात, चिखलाच्याच रंगाच्या. होडीवाला हलक्या आवाजात सांगतो, "ती बघा, मगर दिसली." सगळे तिकडे वळतात. मी मात्र वल्ह्याखालच्या गढूळ पाण्याकडे बघत राहतो. तिथे काहीच दिसत नाही.