साउथ डाउन्सच्या माथ्यावरून : एका बिनइंजिनाच्या प्रवासाची गोष्ट

आपल्यापैकी ज्यांनी कॉलेजच्या दिवसांत सह्याद्री पायाखाली घातला असेल, त्यांना हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याची ओळख करून द्यायला नको. कड्याच्या काठावर पालथे पडायचे, खाली डोकावायचे आणि वाऱ्याला जोर असला की हातातली टोपी दरीत सोडून द्यायची, हा तिथला जुना खेळ. टोपी खाली जात नाही. उसळून वर येते आणि डोक्यावरून मागे जाऊन पडते. पावसाळ्यात नाणेघाटात धबधब्याचे पाणी उलटे उडते तेही याच कारणाने. कोकणातून आलेला वारा कड्याला आपटतो, पुढे जायला वाट नसते, म्हणून तो वर चढतो.

आपण टोपी झेलून घरी आलो. याच चढत्या वाऱ्यावर स्वतः बसून शेकडो मैल जाण्याची खटपट ज्यांनी केली, त्यांची ही गोष्ट आहे. तिचा महत्त्वाचा अंक आपल्या लंडनपासून तासा-दीड तासाच्या अंतरावर, ससेक्समधल्या साउथ डाउन्सवर घडला, आणि त्याचा नायक इंग्रज नव्हता. तो बाहेरून आलेला होता.

प्रथम थोडे यंत्रशास्त्र. ग्लायडर म्हणजे इंजिन नसलेले विमान. ते हवेच्या मानाने पाहिले तर सतत खालीच येत असते; घसरगुंडीवरून घसरावे तसे. पण सेकंदाला एक मीटर या वेगाने खाली येणारे ग्लायडर जर सेकंदाला दोन मीटर वर चढणाऱ्या हवेत असेल, तर ते जमिनीच्या मानाने वर जाते. खाली येणाऱ्या सरकत्या जिन्यावरून पोराने धावत वर चढावे, त्याचाच हा उलटा प्रकार. डोंगराच्या वाऱ्याकडच्या अंगाला अशा चढत्या हवेचा एक लांबलचक पट्टा तयार होतो. वैमानिकाने या पट्ट्यात उताराला समांतर उडत राहायचे आणि वळायचे ते नेहमी डोंगराकडे पाठ करून, वाऱ्याच्या दिशेला. डोंगराकडे तोंड करून वळले तर वारा उचलून थेट उतारावर नेऊन आदळतो.

साउथ डाउन्स ही खडूच्या दगडाची सुमारे ७० मैलांची रांग. तिची उंची पाहून आपल्या गिरिमित्रांना हसू येईल. डिचलिंग बीकनचा माथा समुद्रसपाटीपासून अवघा २४८ मीटर, फर्ल बीकनचा २१७. पण तिची ठेवण सह्याद्रीसारखी आहे. सह्याद्री पश्चिमेला तुटलेला आणि पूर्वेला हळूहळू उतरत गेलेला. डाउन्स उत्तरेला तुटलेली आणि दक्षिणेला समुद्राकडे सावकाश उतरलेली. म्हणजे सह्याद्री आडवा करून ठेवावा तशी. त्यामुळे सह्याद्रीला पश्चिमेचा वारा लागतो, तर हिला उत्तरेकडचा.

या रांगेतल्या इटफर्ड हिलवर, ल्युईस गावाजवळ, ऑक्टोबर १९२२ मध्ये जत्रा भरली होती. ‘डेली मेल’ वृत्तपत्राने १,००० पौंडांचे बक्षीस लावले होते. अट साधी : इंजिनाशिवाय अर्ध्या तासाहून अधिक काळ हवेत राहायचे, जो सर्वांत जास्त वेळ टिकेल त्याला बक्षीस. पहिल्या महायुद्धातल्या फायटर विमानाचा सांगाडा आणि फोकरचे पंख एकत्र जोडून केलेले एक जुगाडही त्यात उडाले. प्रख्यात विमानकार अँथनी फोकर स्वतः आला होता. रेनम नावाचा इंग्रज वैमानिक जवळजवळ दोन तास टिकला आणि बक्षीस त्यालाच मिळणार असे दिसू लागले. पण शेवटच्या दिवशी अलेक्सी मॅनेरॉल हा फ्रेंच वैमानिक एक पंख पुढे आणि एक मागे असे विचित्र यंत्र घेऊन उडाला आणि ३ तास २१ मिनिटांनी, अंधार पडल्यावर उतरला. बक्षीस फ्रान्सला गेले. पुढच्याच वर्षी केंटमधल्या लिम्पने येथे हलक्या विमानांच्या स्पर्धेत विमान मोडून मॅनेरॉल मरण पावला.

जत्रा पांगली आणि इंग्लंड ग्लायडिंग विसरले. पुढची सात वर्षे या देशात या विषयात फारसे काही घडले नाही. मला वाटते, याचे एक कारण त्या बक्षिसाच्या अटीतच होते. प्रश्न विचारला होता ‘किती वेळ?’ असा. त्याचे उत्तर एकाच टेकडीपुढे येरझाऱ्या घालून मिळते. घाण्याचा बैल दिवसभर चालतो, पण गावाच्या बाहेर जात नाही.

हा ‘किती वेळ’चा नाद पुढेही बरीच वर्षे टिकला. १९३८ साली मरे आणि स्प्राउल या दोघा इंग्रजांनी डन्स्टेबलच्या टेकड्यांवर दोन माणसांच्या ग्लायडरमधून २२ तासांहून अधिक काळ घिरट्या घातल्या. एप्रिल १९५२ मध्ये शार्ल आत्झे हा फ्रेंच वैमानिक ५६ तास १५ मिनिटे एकटा हवेत राहिला. पण एव्हाना हा प्रश्न वाऱ्याचा उरला नव्हता, झोपेचा झाला होता. डोळा लागून माणसे मरू लागली, तेव्हा आंतरराष्ट्रीय संघटनेने असे विक्रम नोंदवणेच बंद केले.

जर्मनीत मात्र वेगळे चालले होते. व्हर्सायच्या तहाने तिथल्या इंजिनाच्या विमानांवर कडक बंधने आली होती, त्यामुळे इंजिनिअरिंग कॉलेजांतली हुशार पोरे वासरकुप्पे नावाच्या डोंगरावर ग्लायडर घेऊन जमत. त्यांत रॉबर्ट क्रॉनफेल्ड हा १९०४ साली जन्मलेला ऑस्ट्रियन ज्यू तरुण होता. अलेक्झांडर लिपिश याने आखलेले ‘वीन’, म्हणजे व्हिएन्ना, हे त्याचे ग्लायडर. पंखांचा पसारा १९ मीटर. विमान वर चढते आहे की खाली येते आहे हे दाखवणारे व्हेरिओमीटर ग्लायडरमध्ये वापरणाऱ्या पहिल्या काही जणांपैकी तो एक. उतरत्या हवेत असताना अंगाला काहीच जाणवत नाही, काटा मात्र सांगतो. आपल्या अंगाच्या जाणिवेपेक्षा काट्यावर विश्वास ठेवायला शिकणे, हे त्या काळी मोठेच धाडस होते.

मे १९२९ मध्ये क्रॉनफेल्डने टॉयटोबुर्ग अरण्याच्या डोंगररांगेवरून सुमारे १०२ किलोमीटरचा प्रवास केला. ग्लायडरने शंभर किलोमीटर ओलांडण्याची ही पहिली वेळ. त्याने टेकडीला वेळ विचारला नाही, अंतर विचारले.

त्याच वर्षाच्या शेवटी ब्रिटिश ग्लायडिंग असोसिएशन स्थापन झाली आणि १९३० च्या जूनमध्ये क्रॉनफेल्ड प्रात्यक्षिके करायला इंग्लंडात आला. जागा तीच, इटफर्ड हिल. आठ वर्षांपूर्वी जिथे मॅनेरॉल येरझाऱ्या घालत होता तिथून क्रॉनफेल्ड उडाला, पश्चिमेकडे वळला आणि परत आलाच नाही. तो उतरला सुमारे ५० मैलांवर, पोर्ट्समथजवळच्या बेडहॅम्प्टनला.

नकाशा काढून पाहिला तर या ५० मैलांचे मर्म कळते. डाउन्सची रांग सलग नाही. ऊज, अ‍ॅडर आणि अ‍ॅरन या तीन नद्यांनी ती आरपार कापलेली आहे. इटफर्ड ऊजच्या पूर्वेला असल्यामुळे पश्चिमेला जायचे तर पहिली खिंड लगेचच लागते, दुसरी स्टेनिंगपाशी आणि तिसरी अ‍ॅरंडेलच्या उत्तरेला अ‍ॅम्बर्लीपाशी. खिंडीत वाऱ्याला अडवणारे काही नाही. तो वर न चढता सरळ आरपार निघून जातो. म्हणजे जोवर डोंगर आहे तोवर फुकटचा प्रवास, आणि खिंड आली की पदरची उंची खर्च करायची.

हिशेब अगदी वाण्याच्या वहीसारखा आहे. त्या काळचे उत्तम ग्लायडर एक मीटर खाली येताना सुमारे वीस मीटर पुढे जाई. पायथ्यापासून ३०० मीटर उंची गाठीला असेल, तर शांत हवेत सहा किलोमीटर जाता येईल. पण हवा शांत नसते. वारा डोंगराच्या पाठीमागे ढकलत असतो, तिथे हवा खाली येत असते, आणि पलीकडच्या डोंगराला माथ्याच्या फार खाली जाऊन भिडलो तर तिथला वारा उचलून घेईलच याची खात्री नसते. म्हणून खिंडीच्या अलीकडे थांबून, येरझाऱ्या घालून आधी उंची जमवायची. किती जमली की पुरे? जास्त थांबलो तर दिवस मावळतो, वारा पडतो. कमी पडली तर कुणाच्या तरी शेतात, गाईंच्या मध्ये उतरावे लागते. आणि एकदा खिंडीत शिरून अर्ध्यावर गेले की मागे फिरण्यातही तितकाच खर्च.

मुक्कामाच्या टेकडीसमोर कितीही तास उडालेल्या माणसाला हा निर्णय कधीच घ्यावा लागत नाही. म्हणून मला क्रॉनफेल्डचे ते ५० मैल मॅनेरॉलच्या सव्वातीन तासांहून मोठे वाटतात. टेकडी होती, वारा होता, इंग्रज तिच्या पायथ्याशी पिढ्यान् पिढ्या राहत होते. पण ही रांग म्हणजे एक वाट आहे, हे त्यांना परक्या माणसाने दाखवले. आणि ते दाखवताना त्याने खिंडी टाळल्या नाहीत.

पुढच्या वर्षी, २० जून १९३१ रोजी, त्याने विमानाने उंच ओढून नेऊन सोडलेल्या ग्लायडरमधून एकाच दिवसात इंग्लिश खाडी जाऊन-येऊन ओलांडली आणि ‘डेली मेल’चे १,००० पौंड मिळवले. हीही एक खिंडच, फक्त समुद्राची.

यानंतर इथल्या वैमानिकांनी उन्हाने तापून वर चढणाऱ्या हवेचे स्तंभ, म्हणजे थर्मल, वापरायला शिकून डोंगराचा हात सोडला. फिलिप विल्स या व्यवसायाने जहाज-दलाल असलेल्या गृहस्थाने एप्रिल १९३८ मध्ये लंडनजवळच्या हेस्टनहून कॉर्नवॉलमधल्या सेंट ऑस्टेलपर्यंत २०९ मैल मजल मारली. डोंगररांगेचे युग संपले असे वाटू लागले.

ते संपले नव्हते. त्याला लांब डोंगर हवा होता. पेनसिल्व्हानियात अ‍ॅपलाचियन पर्वताच्या एका धारेवर घर करून राहिलेल्या कार्ल स्ट्रिडिक या वैमानिकाने १९६८ साली एका साध्या ग्लायडरमधून त्या धारेवरून जाऊन परत येण्याचा ७६७ किलोमीटरचा जागतिक विक्रम केला. ९ मे १९७७ रोजी त्यानेच जाऊन-येऊन हजार मैलांचा टप्पा ओलांडला : १,६३४ किलोमीटर, एका दिवसात. तिथे थंड वायव्य वारा आला की पहाटेच निघायचे आणि झाडांच्या शेंड्यांलगत मोटारीहून वेगाने पळायचे. पण त्याही रांगेत खिंडी आहेत, आणि विक्रमांच्या अनेक प्रयत्नांचा निकाल तिथेच लागला. यंत्र बदलले, काचतंतूचे झाले, एकास चाळीस घसरू लागले. वहीतला हिशेब तोच राहिला.

हे सगळे वाचून कोणी विचारील, मग आमचा सह्याद्री काय वाईट? लांबीला तर तो कोणालाच हार जाणार नाही. थेट पालघाटापर्यंत मोठी खिंड नाही. पुण्याला हडपसरचे ग्लायडिंग सेंटर आहे, कामशेतच्या टेकड्यांवर पॅराग्लायडिंग चालते. अडचण अशी की पश्चिमेचा जोरदार वारा येतो तो पाऊस घेऊन. कडा ढगात बुडालेला, आणि चुकून उंची संपलीच तर खाली उतरायला कोकणात सपाट शेत नाही. दऱ्या, जंगल आणि भाताची खाचरे. वारा असून भागत नाही, चुकलेल्या माणसाला सांभाळून घेणारी जमीनही लागते. साउथ डाउन्सच्या पायथ्याची कुरणे ही त्या खेळातली अर्धी भागीदार आहेत.

आणि क्रॉनफेल्डचे काय झाले? जर्मनीत नाझी सत्तेवर आल्यावर ज्यू असलेल्या त्याला तिथे जागा राहिली नाही. तो इंग्लंडला आला. लंडनजवळ हॅनवर्थला त्याने छोटी विमाने बनवण्याचा कारखाना चालवला. १९३९ साली तो ब्रिटिश नागरिक झाला, महायुद्धात हवाई दलात स्क्वाड्रन लीडर झाला, एअर फोर्स क्रॉस मिळवला. ज्या देशाला त्याने त्याचीच टेकडी दाखवली होती, त्या देशासाठी तो नवी ग्लायडरे तपासून देऊ लागला. १२ फेब्रुवारी १९४८ रोजी शेपूट नसलेल्या एका प्रायोगिक ग्लायडरची चाचणी घेताना ते आवरले नाही आणि हँपशायरमध्ये लोअर फ्रॉइलजवळ कोसळले. सोबतचा निरीक्षक पॅराशूटने उतरून वाचला. क्रॉनफेल्ड गेला तेव्हा ४३ वर्षांचा होता. तो पडला ती जागा साउथ डाउन्सपासून फार दूर नाही.

आपण इथे आलेली माणसे बहुतेक वेळा ‘किती वर्षं झाली तुम्हाला इथे?’ असे एकमेकांना विचारतो. प्रश्नात गैर काही नाही. पण या माणसाची गोष्ट वाचल्यापासून मला त्या प्रश्नात इटफर्ड हिलची ती जुनी अट ऐकू येते.

एखाद्या रविवारी उत्तरेचा गार वारा सुटला आणि घरात बसून कंटाळा आला, तर मुलांना घेऊन डिचलिंग बीकनवर किंवा फर्ल बीकनवर जा. उत्तरेच्या काठावर उभे राहिले की वारा खालून तोंडावर येतो, अगदी कोकणकड्यावर येतो तसा. दैव बरे असेल तर एखादे पांढरे ग्लायडर आवाज न करता काठाशी समांतर येईल, नजरेच्या पातळीवरून. ते घिरट्या घालू लागले तर समजा, पुढे खिंड आहे आणि आत बसलेला माणूस हिशेब करतो आहे. मुलांना म्हणा, जरा थांबा, आता तो काय ठरवतो ते पाहू.