तुआस : चक्रीय पुरवठासाखळी

सिंगापूर बेटाच्या पश्चिम टोकाचा औद्योगिक भाग. बरीचशी जमीन समुद्रात भराव घालून मिळवलेली. जहाजदुरुस्ती, कचराभट्ट्या आणि नवे कंटेनर बंदर यांसाठी तो प्रसिद्ध आहे. वापरून झालेल्या मालातून पुन्हा कच्चा माल काढण्याचे मोठे उद्योगही इथेच आहेत.

त्यामागे जागेची टंचाई आहे. भट्ट्यांतली राख तुआसहून बार्जने सेमाकाऊ बेटावर नेऊन टाकतात. १९९९ साली सुरू झालेली ही देशातली एकमेव भरावभूमी २०३५च्या सुमारास भरेल, असा सरकारी अंदाज आहे.

टीईएस या कंपनीने मार्च २०२१ मध्ये तुआसला लिथियम बॅटऱ्यांचा कारखाना सुरू केला. क्षमता रोज १४ टनांची, म्हणजे स्मार्टफोनच्या सुमारे २,८०,००० बॅटऱ्यांची. बॅटऱ्या आधी निवडाव्या लागतात, कारण चार्ज उरलेली एखादी दळणात गेली तरी आग लागू शकते. दळल्यावर तांबे आणि ॲल्युमिनियम बाजूला काढले की काळी भुकटी उरते. कोबाल्ट आणि लिथियम असते ते तिच्यातच. रासायनिक प्रक्रियेने ते वेगळे करतात. नेस्टे या कंपनीच्या इथल्या शुद्धीकरण कारखान्यात (२०१०, विस्तार २०२३) वापरलेले खाद्यतेल आणि प्राण्यांची चरबी यांपासून डिझेल व विमानाचे इंधन बनते. वार्षिक क्षमता २६ लाख टन.

धंदा वाढवताना खरी अडचण येते ती माल गोळा करण्यात. सिंगापूरमध्ये वर्षाला सुमारे ६०,००० टन ई-कचरा निघतो. २०१८ च्या सरकारी पाहणीत घरांतल्या ई-कचऱ्यापैकी जेमतेम ६ टक्के पुनर्चक्रणाला जात होता. कारुंग गुनी, म्हणजे तिथले भंगारवाले, दारोदार फिरून जुने सामान विकत घेत आलेच होते, पण ते सामान जिथे भाव मिळेल तिथे जाई. १ जुलै २०२१ पासून संकलनाची जबाबदारी कायद्याने उत्पादकांवर आली, आणि ३०० चौरस मीटर वा त्याहून मोठ्या इलेक्ट्रॉनिक्स दुकानांना जुना माल स्वीकारणे बंधनकारक झाले. यंत्रांपेक्षा या कलमांचे मोल अधिक आहे.

तरीही दळणे हा शेवटचाच मार्ग मानायला हवा. बॅटरी बदलून, माहिती पुसून जो फोन आणखी काही वर्षे चालेल तो गिरणीत घालणे म्हणजे त्यात ओतलेले सगळे श्रम गमावणे. भारताच्या २०२२ च्या बॅटरी-कचरा नियमांतही जबाबदारी उत्पादकाचीच आहे, आणि त्यांत पुनर्चक्रणाबरोबर नूतनीकरणाचाही उल्लेख आहे.