एअर कॉम्प्रेसरच्या टाकीतील गळती

एअर कॉम्प्रेसर अर्थात हवा संपीडक या यंत्राच्या पोलादी टाकीतून किंवा तिच्या जोडण्यांतून दाबाखालील हवा बाहेर पडणे, यास टाकीची गळती असे म्हणतात. पंक्चरची दुकाने, गॅरेज व रंगकाम यांसाठी जुने कॉम्प्रेसर विकत घेतले जातात. अशा यंत्रांत हा दोष संभवतो. जोडणीतील गळती दुरुस्त करता येते. पत्र्यातील गळती मात्र टाकी निकामी झाल्याचे लक्षण होय.

कारणे

वातावरणातील हवेत बाष्प असते. ८ बार दाबाला हवेचे आकारमान मूळच्या सुमारे एक-नवमांश होते. एवढ्या कमी जागेत पूर्वीइतके बाष्प मावत नाही. दाबलेली हवा टाकीत थंड झाली, की जास्तीच्या बाष्पाचे पाणी होऊन ते तळाशी साचते. कोकणासारख्या दमट प्रदेशात आणि पावसाळ्यात हे प्रमाण वाढते. तळाच्या झडपेतून हे पाणी नियमितपणे काढले नाही, तर पोलाद आतून गंजते. गंज ठिकठिकाणी खड्डे पाडतो व अखेर टाचणीएवढे छिद्र पडते. तोपर्यंत बाहेरचा रंग शाबूत दिसू शकतो.

शोध

कमी दाबाने हवा भरून यंत्र बंद करतात व साबणाचे पाणी लावतात. बुडबुडे येतील तेथे गळती असते. बुडबुडे दाबमापक, सुरक्षा झडप किंवा नळीच्या आट्यांपाशी आल्यास टाकी पूर्ण रिकामी करून तो भाग बदलतात अथवा टेफ्लॉन पट्टी गुंडाळून पुन्हा बसवतात. यंत्र थांबल्यावर प्रेशर स्विचपाशी सतत फुसफुस ऐकू आल्यास नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह सदोष असण्याची शक्यता अधिक असते. बुडबुडे तळाच्या पत्र्यावर किंवा वेल्डिंगच्या सांध्यावर आल्यास यंत्राचा वापर तत्काळ थांबवावा लागतो.

धोका

१०० लिटर टाकीत ८ बार दाबाने भरलेल्या हवेत सुमारे १०० किलोज्यूल ऊर्जा साठलेली असते. एक टन वजन दहा मीटर उंचीवरून पडताना साधारण एवढीच ऊर्जा मुक्त होते. छिद्राभोवतीचा पत्राही बहुधा पातळ झालेला असतो. त्यामुळे एपॉक्सी लावून, स्क्रू बसवून किंवा ठिगळ जोडून छिद्र बुजवल्यास गळती थांबते, पण टाकी फुटण्याचा धोका टळत नाही. साध्या वेल्डिंगच्या उष्णतेने आधीच क्षीण झालेला पत्रा आणखी दुर्बल होऊ शकतो.

चाचणी व पर्याय

टाकीची ताकद तपासण्यासाठी ती पूर्णपणे पाण्याने भरून कार्यदाबापेक्षा अधिक दाब देतात. पाणी जवळजवळ असंपीड्य असल्याने त्यात ऊर्जा फारच कमी साठते. टाकी फाटली तरी स्फोट होत नाही. हवेने अशी चाचणी घेणे घातक ठरते. पत्र्याची जाडी श्राव्यातीत ध्वनियंत्राने मोजता येते. भारतात कारखान्यांतील दाबयंत्रांचा सुरक्षित कार्यदाब ओलांडला जाऊ नये, यासाठी कारखाना अधिनियम, १९४८ च्या कलम ३१ मध्ये तरतूद करण्यात आली.

पंप व मोटार सुस्थितीत असल्यास ती योग्य कार्यदाबाच्या नव्या टाकीवर बसवता येतात. बाद टाकीतील दाब पूर्ण काढून तिला मोठे भोक पाडून मगच ती भंगारात देणे इष्ट असते, म्हणजे ती पुन्हा वापरात येत नाही.

खरेदीपूर्व तपासणी

जुने यंत्र घेताना टाकीवरील पाटीवर निर्मितीचे वर्ष व कमाल कार्यदाब पाहतात आणि तळाची झडप उघडून पाणी काढतात. गडद तांबूस पाणी किंवा गंजाचे पापुद्रे निघणे, तळाला नवा रंग अथवा ठिगळ असणे, तसेच पाटी काढलेली असणे ही संशयास्पद चिन्हे मानली जातात.