न दिसणाऱ्या गिऱ्हाइकाला दिलेला शब्द

अलीकडे आपल्या बचत गटांच्या बैठकीत एक नवा शब्द रुळला आहे, 'लिस्टिंग'. ऑनलाइन दुकानात आपल्या वस्तूचं जे पान आपण तयार करतो, म्हणजे फोटो, वजन, किंमत आणि माहिती, त्याला लिस्टिंग म्हणतात. पहिलं पान करायची वेळ आली की आपल्यातल्या बऱ्याच जणी मागे सरकतात. "ते मोबाइलवाल्या पोरांचं काम," म्हणतात. म्हणून आज आपण या कामाचा इतिहास बघणार आहोत.

आठवडी बाजारात बाई पापड हातात घेते, तुकडा मोडून बघते, वास घेते, "कधीचे केलेत गं?" म्हणून विचारते. आपण उत्तर देतो, ती आपल्या तोंडाकडे बघते आणि मग पिशवी उघडते. दूरच्या गिऱ्हाइकाला यातलं काहीच करता येत नाही. मग त्याने विश्वास कशावर ठेवायचा?

हा प्रश्न दीडशे वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या खेड्यांतही होता. तिथल्या शेतकऱ्यांना गावचा दुकानदार सांगेल त्या भावाने माल घ्यावा लागे. १८७२ साली शिकागोच्या ॲरन माँटगोमेरी वॉर्ड या व्यापाऱ्याने १६३ वस्तूंची, एका कागदावर मावणारी यादी छापली. वस्तूचं नाव आणि तिची किंमत. ती टपालाने खेड्यांत गेली आणि माल रेल्वेने जाऊ लागला. पण न बघितलेल्या मालाला पैसे कोण देणार? १८७५ साली वॉर्डने छापून जाहीर केलं, माल पसंत पडला नाही तर पैसे परत. आज गिऱ्हाईक 'रिटर्न'चं बटण दाबतं, त्याची सुरुवात अशी जुनी आहे.

आपल्याकडे हाच प्रश्न टपाल खात्याने सोडवला. १८७७ साली व्ही.पी. सुरू झाली. पोस्टमन पार्सल घेऊन दारात यायचा, पैसे घेऊनच ते हातात द्यायचा, आणि ते पैसे विकणाऱ्याला पोहोचायचे. 'कॅश ऑन डिलिव्हरी' म्हणतो ती याच व्ही.पी.ची नात. पुढे १५ ऑगस्ट १९७२ ला सहा आकडी पिनकोड आला. तो तयार करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर मराठी माणूस होते, टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी. एका नावाची कितीतरी गावं असतात, पण पार्सल नेमकं आपल्या पोस्टात येतं ते या आकड्यांमुळे. महाराष्ट्राचा आणि गोव्याचा पिनकोड ४ ने सुरू होतो.

माल पोहोचवायची सोय झाली, पण मालाची खात्री कोण देणार? त्याचं उत्तर आपल्यासारख्याच बायकांनी दिलं. १५ मार्च १९५९ ला मुंबईत गिरगावात ७ जणी गच्चीवर पापड लाटायला बसल्या. भांडवल ८० रुपये, तेही उसने घेतलेले. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. तेच पुढे लिज्जत पापड. सुरुवातीला त्या दोन प्रतीचे पापड करत होत्या, एक चांगला आणि एक स्वस्तातला. त्यांना पैसे उसने देणारे छगनबाप्पा पारेख यांनी सल्ला दिला, की एकच प्रत ठेवा, ती उत्तम ठेवा आणि हिशेब चोख ठेवा. बायकांनी ते पाळलं. पाकिटावरचं नाव वाचून, आतला पापड न बघता गिऱ्हाईक पैसे द्यायला लागलं.

मग संगणक आला. १९९५ साली अमेरिकेत पियरे ओमिद्यार या तरुणाने लिलावाचं ऑनलाइन दुकान काढलं. तेच पुढे ईबे झालं. तिथे विकली गेलेली पहिली वस्तू होती एक बिघडलेला लेझर पॉइंटर, म्हणजे प्रकाशाचा ठिपका पाडणारी कांडी. तो १४.८३ डॉलरला गेला. "बिघडलेला आहे, कळलं ना?" असं त्याने गिऱ्हाइकाला विचारलं, तेव्हा गिऱ्हाईक म्हणालं, मी बिघडलेलेच जमवतो, अशी गोष्ट सांगतात. खरं सांगितलं तर बिघडलेल्या वस्तूलाही तिचं गिऱ्हाईक भेटतं. खोटं सांगितलं तर चांगली वस्तूही परत येते.

आपल्या देशात आता हे खरं सांगणं कायद्यातही आलं आहे. १ जानेवारी २०१८ पासून पाकीटबंद मालावरची मुख्य माहिती ऑनलाइन पानावरही द्यावी लागते. करणाऱ्याचं नाव आणि पत्ता, निव्वळ वजन, सर्व करांसह किंमत, तक्रारीसाठी संपर्क. खाण्याचा पदार्थ असेल तर अन्न परवान्याचा १४ आकडी क्रमांक आणि शाकाहाराची हिरवी खूण हवी. जीएसटीची धास्तीही थोडी कमी झाली आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून मर्यादेखालची उलाढाल असलेल्यांना, आपल्या राज्यातल्या राज्यात माल विकायचा असेल तर, जीएसटी नोंदणीशिवाय ऑनलाइन विकता येतं. फक्त त्यासाठीचा वेगळा क्रमांक काढून घ्यावा लागतो.

म्हणून पहिलं पान करताना गट मिळून बसू या. 'घरगुती, चविष्ट, एक नंबर' हे सगळेच लिहितात. आपण लिहू या, "नाचणीचे पापड, २०० ग्रॅम. नाचणीचं पीठ, तीळ, जिरे, मीठ, पापडखार. उन्हात वाळवलेले. तळून खा किंवा भाजून." पाकिटात किती पापड, किती महिने टिकतात, तेही सांगू या. फोटो दिवसाच्या उजेडात, आपल्याच पापडाचा, आणि पाकिटात जाईल त्याच आकाराचा. जेवढा माल हातात आहे तेवढाच आकडा टाकू या. पावसाळ्यात वाळवण होत नसेल तर तो आकडा शून्य करू या.

आणि शेवटचं, सगळ्यात महत्त्वाचं. पान भाच्याने भरून दिलं तर हरकत नाही, पण ओटीपी कुणाच्या फोनवर येतो? पैसे कुठल्या खात्यात जमा होतात? दुकानावर नाव कुणाचं? लिज्जतच्या बहिणी नुसत्या लाटणाऱ्या नव्हत्या, त्या मालकीण होत्या. फोन गटाचा, खातं गटाचं आणि पासवर्ड निदान दोघींना पाठ, हे बैठकीच्या वहीत ठराव करून लिहून ठेवू या. आपण लाटायचं आणि शब्द दुसऱ्याने द्यायचा, असं झालं तर उद्या तो शब्द मोडल्यावर नाव मात्र आपलं जाईल.

या आठवड्याच्या बैठकीत एकच वस्तू घ्या, तिचं पान आधी कागदावर लिहा आणि सगळ्यांसमोर मोठ्याने वाचा. ऐकताना एकीलाही "असं नाहीये हं" वाटलं, तर ते वाक्य खोडा. उरेल ते मोबाइलवर चढवा.