'वोक' कुणाचा?

हल्ली वादात कुणाला गप्प करायचं असलं की 'वोक' म्हणायचं, विषय संपला! पण मंडळी, हा शब्द मुळात टोमणा नव्हताच.

१९३१ साली अमेरिकेत अलाबामात नऊ कृष्णवर्णीय मुलांवर बलात्काराचा खोटा आळ आला. त्यांच्यावरचं गाणं १९३८ मध्ये ध्वनिमुद्रित करताना लेड बेली या गायकाने आपल्या लोकांना बजावलं: तिकडे जाल तर 'वोक' राहा. म्हणजे जागे राहा, जिवाला जपा.

१९६२ मध्ये विल्यम मेल्विन केली या लेखकाने न्यूयॉर्क टाइम्समधल्या लेखाच्या मथळ्यातच हा शब्द घेतला. त्याचा मुद्दा असा, की काळ्यांची बोली गोरे उचलतात; मग काळ्यांना नवे शब्द घडवावे लागतात. २०१७ मध्ये 'वोक'चा हा अर्थ ऑक्सफर्ड शब्दकोशातही आला.

शब्द उसने घ्यावेत की, भाषा अशाच वाढतात. पण इथे शब्द तेवढा घेतला, त्यामागची भीती तिथेच राहिली. म्हणूनच त्याची शिवी करणं इतकं सोपं गेलं.