चांद्याचा तट आणि नेमाची चूक

चंद्रपूरचा जुना गोंडकालीन तट आजही शहराभोवती उभा आहे. मे १८१८ मध्ये कर्नल अ‍ॅडम्सच्या इंग्रज फौजेने तोफांनी त्याला खिंडार पाडले व नागपूरकर भोसल्यांचा हा किल्ला घेतला. किल्लेदार गंगासिंग लढताना पडले. अशा वेढ्यात तोफा तटापासून काहीशे मीटरवर आणाव्या लागत. का बरे?

थोडे गणित करू. नेम एका अंशाच्या सतराव्या भागाने चुकला, तर २५० मीटरवर गोळा जेमतेम पाव मीटर बाजूला पडतो. त्याच जागी मार बसत राहतो व दगड ढासळतात. ३० किलोमीटरवर मात्र तेवढ्याच चुकीने गोळा ३० मीटर सरकतो.

आता याच जिल्ह्यात, भद्रावतीजवळच्या आयुध निर्माणीत, लांब पल्ल्याच्या तोफांचे गोळे भरले जातात. साधा गोळा किंवा अग्निबाण एकदा सुटला की वारा त्याला कोठेही ढकलो, वाट सुधारता येत नाही. म्हणून पिनाक अग्निबाणांची एक गाडी बारा बाण एका टापूवर सोडते. मार्गदर्शित पिनाक उडता उडता आपली जागा मोजतो व छोटे पंख वळवून वाट सुधारतो. त्यामुळे अंतर वाढले तरी चूक त्या प्रमाणात वाढत नाही.

चांद्याच्या तटाआड फौजेबरोबर सारे गावही राहत होते. तीस मीटरांत एखादे घर येते, शाळाही येते. हे उदाहरण वर्गात सोडवताना एवढे जरूर सांगावे, असे आम्हाला वाटते.